सात वर्षांचा चहा

पितरांच्या थडग्यांवरचं गवत काढायचा छिंगमिंगचा सण आला आणि गेला, पण पाऊस काही हटला नाही. थाइमू डोंगराचा माथा ढगात बुडाला होता, तो बुडालेलाच. खंगवेइ वाडीत घरोघर बांबूची अंगणभर मोठी सुपं दांड्यांवर एकाखाली एक रचली होती, आणि त्यांवर पसरलेली चहाची पानं ना सुकत होती, ना हिरवी राहत होती.

पांढऱ्या चहाला फार काही लागत नाही. तो कढईत परतायचा नसतो, हातानं मळायचा नसतो. खुडायचा, पसरायचा आणि ऊन-वारा देईल तेवढं घ्यायचं. पण ऊनच आलं नाही तर? खाली रस्त्यालगतच्या बड्या मळेवाल्यांनी गरम हवेच्या खोल्या बांधल्या होत्या. समुद्राकडच्या उतारावरची त्यांची पानं जाड आणि चवीला बोथट, पण ती वेळेत वाळली. आणि वरच्या अंगाला, धुक्यात, खडकांच्या फटींतून वाढलेली खंगवेइची पानं, ज्यांच्या नावावर सगळा फुदिंग तालुका मिरवायचा, ती सुपांवर कुजत होती.

यिनदी सकाळ-संध्याकाळ सुपं खालीवर करत होती. वरचं खाली, खालचं वर. पानाला बोट लावलं की बोट चिकटायचं. देठाकडून सुरू झालेला काळेपणा पात्यावर पसरत गेला. आधी कच्च्या भोपळ्यासारखा वास यायचा, मग ओल्या गोधडीसारखा. शेवटी शेवटी तर घरात शिरलं की कुणीतरी कोपऱ्यात ओकून ठेवलंय असं वाटायचं.

"टाक ओढ्यात," तिचा नवरा फाखाय म्हणाला. तो उंबऱ्यावर बसून पायाच्या बोटांमधली ओलीनं पांढरी पडलेली कातडी सोलत होता. "घरातून बाहेर काढ आधी. जेवण जात नाही."

"सगळं?"

"मग काय लोणचं घालतेस?"

यिनदीनं पहिलं सूप उचललं तेवढ्यात खालच्या वळणावर मोटारीचा हॉर्न वाजला. फाखायचा धाकटा भाऊ फाशुन आला होता. फुदिंगला त्याचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, दोन दिवे आणि एक फोन. सगळी विक्री फोनसमोर बडबड करूनच चालायची. मोटारीतून उतरताना त्यानं पँट घोट्याच्या वर दुमडली, चिखल चुकवत उड्या मारत आला, आणि घरात शिरताच नाक दाबलं.

"दादा, मेलंय का कुणी?"

"पानं मेलीत," फाखाय म्हणाला.

फाशुननं एक चिमूट उचलली, चुरगाळली, वास घेतला आणि हात वहिनीच्या एप्रनला पुसला. अगदी सहज. टॉवेल लटकत असावा तसा. यिनदी त्या काळ्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"टाकू नका," तो म्हणाला. "काळं झालंय ना, बरंच झालं. जुना पांढरा चहा काळाच असतो."

त्या मुलखात म्हणतात की पहिल्या वर्षी तो चहा, तिसऱ्या वर्षी औषध आणि सातव्या वर्षी ठेवा. सात वर्षं कोरड्या जागी जपलेला चहा खजुरासारखा गोड लागतो आणि पोराबाळांच्या तापावर उकळून देतात. फाशुनला सात वर्षं थांबायला वेळ नव्हता. त्याचं म्हणणं असं, की पानांवर पाणी मारायचं, ढीग लावायचा, पोत्यांनी झाकायचा. ढीग आतून तापतो. अधूनमधून उलथायचा. महिना दीड महिन्यात रंग, रूप सगळं सात वर्षांचं.

"आणि चव?" यिनदीनं विचारलं.

"वहिनी, चव फोनमधून जाते का?"

फाखाय हसला. भाऊ शिकलेला, भाऊ शहरातला. भाऊ बोलला की फाखायला हसायची सवयच होती.

ढीग कुठे लावायचा, तर घरामागचं डुकरांचं खोपट मोकळं होतं. मागल्या साली रोग आला तेव्हा डुकरं पुरून टाकली होती. फाखायनं जमीन पाण्यानं धुतली. पण वर्षानुवर्षं मुतानं भिजलेली वीट धुऊन धुतली जाते होय? कोपऱ्यात दगडी गव्हाण होती, तिच्या तळाला शिळ्या खरकट्याचा थर वाळून बसला होता. त्या जमिनीवर त्यांनी वसंतातली पानं ओतली. एक कळी, दोन पानं. यिनदीनं आणि वाडीतल्या बायकांनी धुक्यात, कमरेला टोपली बांधून, एकेक करून खुडलेली.

शेण ओढायचा तीन दातांचा काटाच ढीग उलथायला घेतला. दुसरं अवजार नव्हतं. फाखाय अनवाणी ढिगात उभा राहायचा, गुडघ्यापर्यंत. पोतं उचललं की गरम वाफेचा लोट तोंडावर यायचा, आणि त्या वाफेत सगळं असायचं : कुजकं गवत, ओलं कुत्रं, डुकराचं मूत, माणसाचा घाम. आतली पानं लगद्यासारखी चिकटून गोळे झालेली. गोळा फोडला की आत करड्या बुरशीची लव, आणि मध्ये कुठेतरी पिवळी. माश्या तर इतक्या, की बोलायला तोंड उघडायची भीती. फाखायच्या हनुवटीवरून घामाचे थेंब ढिगात पडायचे आणि तो पुसायचाही नाही.

"पाण्याची बचत," तो एकदा म्हणाला. आणि आपल्याच विनोदावर खिंकाळला.

यिनदी तोंडाला फडकं बांधून गोळे हातानं फोडायची. नखांच्या कडा काळ्या पडल्या त्या घासून निघेनात. घसा खवखवायला लागला, मग खोकला. रात्री भातावर मोहरीची खारवलेली पानं वाढली की तिला वाटायचं, हीसुद्धा तिथलीच. ती वाटी बाजूला सारायची.

"मी नाही येणार उद्या," ती म्हणाली.

"का?"

"किळस येते."

"किळस?" फाखायनं जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. "डुकरांचं करायचीस तेव्हा नाही आली? अंथरुणातल्या आईचं करायचीस तेव्हा?"

"ते कुणाला खायला घालत नव्हते मी."

"सगळेच करतात गं."

"कोण सगळे? नावं सांग."

फाखाय काड्या उचलून पुन्हा खायला लागला. दुसऱ्या दिवशी ती गेली, कारण पोतं एकट्यानं उचलत नव्हतं.

ढीग निवला, तेव्हा फाशुन वाफेचं यंत्र आणि दाबायचे साचे घेऊन आला. लगद्याच्या थाळीएवढ्या गोल वड्या झाल्या, त्या त्यांनी कोळशावर कडक वाळवल्या. वासाचा धारदारपणा गेला, पण मुळात होता तो राहिलाच, वाळलेल्या जखमेसारखा. त्या वड्यांना गुंडाळायला फाशुननं मुद्दाम पिवळट कागद आणले होते, कडा कुरतडल्यासारख्या दिसतील असे कापलेले. त्यावर सात वर्षांपूर्वीचं साल आणि 'थाइमू डोंगर, वरचं अंग' असं छापलेलं. यिनदीनं एक तुकडा उकळून बशी दिराच्या पुढे केली.

"घ्या भावोजी. तुमचाच आहे."

"मला आम्लपित्त आहे," फाशुन म्हणाला आणि खिशातली पाण्याची बाटली काढून प्याला.

मग राहिला तो म्हातारा. फाखायचा बाप थिंगयू पंचाऐंशीच्या पुढचा होता. भिंतीला टेकून दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्यावर खेकसायचं, एवढंच त्याचं काम. फाशुननं दुपारी अंगणात पाट मांडला, मागे सुपं उभी केली, फोन तिकाटण्यावर लावला आणि बापाच्या अंगावर गवताचा रेनकोट चढवला. असला रेनकोट वाडीत कुणी तीस-चाळीस वर्षांत घातला नव्हता. नाटकवाल्यांकडून भाड्यानं आणला होता.

"बाबा, दात काढा," फाशुन म्हणाला.

"आं?"

"कवळी काढा तोंडातली. पांढरेशुभ्र दात दिसतात. चांगलं नाही दिसत."

यिनदी दारात उभी होती. तिला वाटलं, आता म्हातारा काठी फेकून मारेल. तरुणपणी याच माणसानं, चहा नीट वाळवला नाही म्हणून फाखायला तुडवलं होतं. पण थिंगयूनं मुलाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि बोटं तोंडात घालून दोन्ही कवळ्या काढल्या. लाळेची तार लोंबली. त्यानं त्या सुनेच्या हातात दिल्या, ओल्या, बियांचे तुकडे अडकलेल्या.

"धर."

आणि मग तो बोलायला लागला. फाशुननं पढवलेली दोन वाक्यं झाली. पण म्हातारा थांबेना. गाल आत गेलेले, शब्द फसफसत होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला अजूनच कळवळा यावा.

"हा चहा विकायचा नव्हता," तो फोनला म्हणाला. "माझी बायको गेली त्या वसंतातला आहे. तिनं शेवटची पानं खुडली ती ही. हात थरथरायचे तिचे. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाली, पोरांसाठी ठेव."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरंखुरं. फोनच्या काचेवर लाल हृदयं भराभर वर उडायला लागली. फाशुन फोनमागून दोन्ही अंगठे दाखवत होता.

यिनदीच्या तळहातावर कवळ्या गार पडत चालल्या होत्या. सासू गेली ती थंडीत. त्याआधी दोन वर्षं ती अंथरुणावर होती. तिच्या पाठीच्या जखमा यिनदीनं धुतल्या, तिचं हगणंमुतणं यिनदीनं काढलं. आणि हा म्हातारा, वास येतो म्हणून, पलीकडच्या खोलीत झोपायचा. शेवटच्या दिवशी तिनं हाक मारली, तेव्हा बहिरा झाल्यासारखा बसून राहिला होता.

फोन बंद झाल्यावर तिनं कवळ्या परत दिल्या.

"बाबा, आईनं कधी खुडली ही पानं?"

"खुडली असती," म्हातारा म्हणाला. दात बसवून त्यानं जबडा दोनदा हलवला. "मेलेल्याला विचारायला कोण जातंय? उलट आज इतक्या लोकांच्या तोंडात तिचं नाव आलं. जिवंतपणी कुणी विचारलं होतं तिला?"

"तुम्ही तरी कुठे विचारलं होतं?"

तो तिच्याकडे बघून हसला. खुशीत होता. इतका खुशीत तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. "उद्या पुन्हा आहे का रे?" त्यानं फाशुनला विचारलं. "उद्या आणखी चांगलं सांगतो."

यिनदी मागच्या दारानं ओढ्यावर गेली. तळहात वाळूनं घासला, मग दगडावर घासला.

चार-पाच दिवसांनी छाओमेइ आली. खालच्या घरातली शेजारीण, नवरा वारलेला. मुलगा-सून वनझौला बुटांच्या कारखान्यात, आणि तीन वर्षांची नात म्हातारीच्या गळ्यात. पावसात भिजत आली, हातात अंड्यांची पिशवी.

"फाखाय, तुझ्या बाबांना फोनमध्ये पाहिलं रे मी," ती उंबऱ्यातूनच बोलायला लागली. "रडले मी. शेजारी असून मला माहीत नाही, तुमच्याकडे सात वर्षांचा चहा आहे ते! माझ्या नातीला परवापासून ताप. अंगभर पुरळ उठलंय, डोळे चिकटलेत. एक तुकडा दे बाबा. पैशानं नाही परवडायचा मला, ही अंडी घे."

मागच्या खोलीत पिवळट कागदातल्या वड्यांची चळत दारातून दिसत होती. यिनदीनं फाखायकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

"अंडी कशाला आणलीस," तो म्हणाला. आत गेला. वडी मोडल्याचा आवाज आला. तो कागदाची पुडी घेऊन बाहेर आला आणि दोन्ही हातांनी, रीतसर, छाओमेइला दिली. "चांगली उकळ."

छाओमेइ पायऱ्या उतरून दिसेनाशी झाली. तेव्हा यिनदी नवऱ्याकडे वळली.

"पोर आहे ती! फाखाय, तीन वर्षांचं पोर आहे!"

"मग काय सांगायला हवं होतं? तूच सांग. काय सांगायचं होतं मी, दारात?" त्याचा चेहरा सुजल्यासारखा लाल झाला होता. "उकळल्यावर मरतं सगळं."

तिनं छत्री घेतली नाही. पायऱ्यांवर शेवाळ होतं, ती एकदा घसरून गुडघ्यावर आपटली. छाओमेइच्या स्वयंपाकघरात शिरली तेव्हा आधीच चुलीवर ठेवलेल्या मातीच्या भांड्यात पुडीतला चहा उकळत होता, आणि त्या परक्या स्वच्छ घरात तिच्या डुकरांच्या खोपटाचा वास पसरला होता. छाओमेइ नातीला मांडीवर धरून चमच्यानं पाजत होती. पोरीचं तोंड तांबडं-तांबडं, पापण्या पू धरून चिकटलेल्या. ती मान फिरवत होती आणि म्हातारी तिचं नाक दाबत होती.

"पाजू नकोस!" यिनदीनं भांडं उचललं आणि दारातून बाहेर फेकलं. बोटं भाजली. "वाईट आहे ते. सडकं आहे. सात वर्षांचं नाही, डुकरांच्या खोपटातलं आहे."

छाओमेइचा आवाज चढला.

"नवऱ्यानं दिलं ते तुझ्या डोळ्यांत खुपलं होय? मागे धावत आलीस? एवढीशी चिमूट! महाग आहे ठाऊक आहे मला. पण आजारी पोराच्या तोंडातलं काढतेस? मी म्हणत होते फाखायची बायको मनानं चांगली आहे!"

"छाओमेइताई, ऐक—"

"अंडी परत आण माझी!"

तेवढ्यात पोरीला उमळून आलं. काळसर पाणी आजीच्या छातीवर, मांडीवर पडलं.

"बघ," छाओमेइ म्हणाली, तिची पाठ चोळत. "बघ, लागू पडलं. आतली घाण निघतेय."

यिनदीनं पुढे काही ऐकून घेतलं नाही. बाहीनं पोरीचं तोंड पुसलं, तिला म्हातारीच्या मांडीवरून उचलून कडेवर घेतलं आणि चालायला लागली. छाओमेइ शिव्या देत, ओरडत मागे. पायऱ्या चढून, घराला वळसा घालून यिनदी खोपटापाशी आली आणि लाथेनं दार उघडलं.

आत दुसरा ढीग लागला होता. पोतं सरकलेलं, वाफ निघत होती. काटा ढिगात उभा रोवलेला, त्याच्या दातांना लगदा. गव्हाणीच्या कडेवर फाखायची चिलीम आणि त्याचं घामेजलं बनियन. जमिनीवरून काळं पाणी गटारीकडे चाललं होतं, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

छाओमेइच्या शिव्या थांबल्या. तिनं नाकावर हात धरला. आपल्या सदऱ्यावरच्या ओकारीकडे पाहिलं, मग पुन्हा ढिगाकडे. फाखाय मागून येऊन उभा होता. ती वळली आणि त्याच्या पायाजवळ थुंकली. तो पाय मागे घ्यायलाही विसरला.

"गाडी काढ," यिनदी त्याला म्हणाली.

"या पावसात?"

"काढ म्हणते ना."

तिघं तीनचाकीवर ताडपत्री धरून बसली आणि तो तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत हाकत गेला. डॉक्टरनं सलाईन लावलं. काय पाजलं, असं विचारल्यावर छाओमेइनं यिनदीकडे बघितलं आणि यिनदीनं फाखायकडे. "चहा," फाखाय म्हणाला. डॉक्टरनं कागदावर तसं लिहून घेतलं. पोर आठवडाभरानं उठून बसली, भाताची पेज प्यायली.

तो आठवडा यिनदीनं कान उघडे ठेवून काढला. छाओमेइ आता वाडीभर सांगेल. सांगू दे. लोक दारात येतील, फाशुनची मोटार अडवतील, म्हाताऱ्याच्या तोंडावर विचारतील. होऊ दे एकदाचं. तिला त्याची भीती वाटत नव्हती. उलट गळू फुटायची वाट बघावी तशी ती वाट बघत होती. खोपटात जाणं तिनं सोडलं होतं. फाखाय एकटाच ढीग उलथायचा.

छाओमेइ आली ती संध्याकाळी, पाऊस उघडला त्या दिवशी. यिनदी परसात कांद्याची पात कापत होती. विळा खाली ठेवून ती उभी राहिली, जे येईल ते ऐकायला.

छाओमेइनं इकडेतिकडे पाहिलं. आवाज उतरवला.

"यिनदी, मी कुणाला बोलले नाहीये हं."

"का नाही बोललीस?"

"शेजारधर्म असतो की नाही." ती जवळ सरकली. "तुझ्या दिराला विचारशील का? माझीही पानं या पावसात काळी पडलीत. चार सुपं भरून आहेत. टाकवत नाहीत गं. आणि खोपट काय, आमचंही रिकामंच आहे."

यिनदीला क्षणभर कळलंच नाही ही काय म्हणतेय. मग कळलं. तिनं छाओमेइच्या सदऱ्याकडे पाहिलं. तोच होता, स्वच्छ धुतलेला, इस्त्री केल्यासारखा.

"तुझ्या नातीनं ओकलं ते," ती म्हणाली.

"अगं, ती लहान. आजारी. मोठ्यांना काय होतंय? आणि पिणार कोण, तर लांब पेइचिंगचे लोक." छाओमेइनं तिच्या दंडाला हात लावला. "विचारशील ना?"

"तूच विचार. आत बसलाय फाखाय."

छाओमेइ आत गेली. थोड्या वेळानं आतून तिघांचं बोलणं ऐकू यायला लागलं, फाखायचं, छाओमेइचं आणि म्हाताऱ्याचं, मग हसणं. फाखायचं हसणं तिला सगळ्यांत आधी ओळखू आलं. यिनदी कांद्याच्या वाफ्याकडेला बसली आणि पोटात होतं नव्हतं तेवढं ओकली.

दुसऱ्या सकाळी ऊन पडलं. असं ऊन, की डोंगराचा एकेक दगड दिसावा. यिनदी टोपली बांधून एकटीच वरच्या अंगाला गेली. झुडपांवर उशिराची, जाड होत चाललेली पानं होती. त्या पानांच्या चहाला तिकडे आजोबाच्या भुवया म्हणतात, आणि कुणी फारसा मान देत नाहीत. तिनं दुपारपर्यंत खुडली. वरून तिला दिसलं, की छाओमेइ पाठीवर ओलं पोतं घेऊन आपल्या खोपटाकडे चाललीय, आणि तिच्या पलीकडच्या घरातूनही कुणीतरी तसंच पोतं बाहेर ओढतंय.

खाली येऊन तिनं एक सूप ओढ्यात घासून धुतलं, उन्हात तापवलं आणि अंगणाच्या पार टोकाला, घरापासून लांब, पानं पातळ पसरली. एकावर एक पान येणार नाही अशी. वारा येत होता. पानांना गवतासारखा, ताजा वास सुटला. ती सुपाशेजारी उकिडवी बसून राहिली.

फाखाय आला. मग गप्पा सुरू कराव्या तसा, पानं उलथायला, त्यानं हात पुढे केला.

"हात धुऊन ये," यिनदी म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला. पिंपापाशी जाऊन धुतले, झटकले, आणि परत येता येता सहज नाकाशी नेले. थांबला. मागे वळला. या वेळी साबण घेतला. कोपरापर्यंत, नखांच्या आतून घासलं, आणि पुन्हा वास घेतला.

यिनदी बघत होती. तो तिसऱ्यांदा धुवायला वाकला नाही. ओले हात अंगापासून लांब धरून, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे, तो पिंपापाशीच उभा राहिला. सुपाजवळ आला नाही.